सगळ्यांत मागं सिस्टर

सिस्टरांना कुणी नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. कागदावर काय असेल ते असो, आमच्या हट्टा गावात त्या सिस्टरच होत्या. त्यांचे मालक गेले तेव्हासुद्धा बाया गळ्यात पडून "सिस्टर, कसं झालं हो" असंच रडल्या. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. आसपासच्या वस्त्यांवर सायकलनं फिरून लेकरांना सुया टोचायच्या, बाळंतपणं करायच्या. त्यांचं घर आमच्यापासून दोन दारं सोडून. माझी दोन्ही लेकरं त्यांच्याच हातावर झाली.

अंगानं किरकोळ, रंगानं सावळ्या. पदर कमरेला खोचलेला आणि चालणं असं की कुठं तरी उशीर झालाय. सायकल निळी, लेडीज. वळण आलं की समोर कुणी नसलं तरी घंटी वाजवायच्या. मी एकदा विचारलं, "सिस्टर, रस्त्यावर तर कुत्रं बी न्हाई, घंटी काहून वाजवता?" तर म्हणाल्या, "घरातल्या बायांना कळते ना सिस्टर आली म्हणून. ज्याला लपायचं ते लपते, ज्याला बोलवायचं ते बोलवते."

लपणारी बहुतेक लेकरंच असायची. सुई टोचायची म्हटलं की कुणी कोठीमागं, कुणी उसात. सिस्टर त्यांना शोधायला जायच्या नाहीत. ओट्यावर बसून पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढायच्या आणि मोठ्यानं म्हणायच्या, "आज तर सुई इसरूनच आले बाई." शेंगांच्या वासानं एकेक पोरगं बाहेर यायचं, आणि आलं की धरलंच त्यांनी. पोरगं रडून म्हणायचं, "तुमी खोटं बोलल्या!" त्या म्हणायच्या, "सरकारी खोटं हाय ते. त्याला पाप न्हाई."

त्या पिशवीत एक स्टीलचा गिलासही असायचा. नोकरीच्या सुरुवातीला काही घरांमध्ये त्यांच्यासाठी वेगळा कप ठेवलेला असायचा, बाहेरच्या कोनाड्यात, कान तुटलेला. आमच्या लोकांना असे कप माहीत असतात. सिस्टर त्या कपाकडं बघायच्याच नाहीत. आपला गिलास पुढं करायच्या आणि म्हणायच्या, "ह्याच्यात ओता, मला दुसऱ्याच्या कपात चहा कडू लागतो." वरून धार धरून चहा ओतला जायचा. पुढं एका घरात नातू आडवा आला होता, तो सिस्टरांनी सुखरूप बाहेर काढला. त्या घरची म्हातारी बारशाला कपबशी घेऊन आली, नवी, फुलांची. सिस्टरांनी पिशवीतून गिलासच काढला. म्हातारीचा हात तसाच राहिला. "ह्यात ओता आजी, आता सवय पडली," असं त्या हसत म्हणाल्या, पण गिलास काही मागं घेतला नाही.

सिस्टर रिटायर झाल्या आणि घरी बसायच्याऐवजी गंगाधर मामांकडं गेल्या. गंगाधर मामा एसटीत ड्रायव्हर होते. नोकरी सुटल्यावर त्यांनी गावातल्या माणसांचा एक जथ्था केला होता. दर दसऱ्याला हे लोक सायकलवर नागपूरला दीक्षाभूमीला जायचे आणि सायकलवरच परत यायचे. बाई एकही नव्हती त्यात.

"सिस्टर, नागपूर हाय ते. वसमतचा बाजार न्हाई," मामा म्हणाले.

"बाजाराला जायला मी तुमाला कशाला इचारीन?"

"तसं न्हाई, पर तुमचं वय..."

"तुमच्यापेक्षा दोन सालानं कमीच हाय. तुमच्या बायकोनं सांगितलं मला."

आतून मामांच्या बायकोचं हसणं ऐकू आलं आणि तिथंच ते ठरलं. जाताना सिस्टरांनी आणखी एक ठरवून टाकलं. जथ्थ्यामागं सामानाचा टेम्पो जायचा आणि पुरुषच कसंबसं पिठलं उकडायचे. "कमल येईल सैपाकाला," त्यांनी परस्पर सांगितलं. मी शाळेत खिचडी शिजवते. मला चारचौघांत बोलता येत नाही, माणसं बघितली की पदर तोंडाकडं जातो. मी नाही म्हणायला त्यांच्या घरी गेले तर त्या म्हणाल्या, "बोलायचं कुठंय तुला? भांड्यामागं बसायचं." आणि मी गेले.

टेम्पो रफिकभाईंचा. तो पुढं जाऊन झाडाची सावली बघून थांबायचा, मी चूल मांडायची. मग एकेक सायकल यायची. आधी तरणे, मग मधल्या वयाचे, मग देविदास टेलर. देविदास अंगानं भारी, स्वतःच शिवलेला पिवळाधमक शर्ट घालायचा आणि चढ आला की उतरून ढकलायचा. त्याच्यामागं सिस्टर. त्या कधीच पुढं आल्या नाहीत. कुणाचा पाय धरला, कुणाला चक्कर आली, कुणी नुसतंच रडकुंडीला आलं, तर मागं सिस्टर आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. "पुढच्याला नुसता रस्ता दिसते," त्या म्हणायच्या. "मागच्याला माणसं दिसतात." शेवटचा माणूस येऊन टेकला की मगच त्या भाकरीला हात लावायच्या. देविदासला त्या म्हणायच्या, "देविदास, जरा भरभर हाण. तुझी पाठ मला तोंडपाठ झाली." देविदास म्हणायचा, "मी भरभर हाणलं तर तुमी कोणाच्या मागं राहसाल, सिस्टर?"

मामांनी जथ्थ्याला एक रीत लावली होती. शेवटच्या दिवशी गावाच्या अलीकडं सगळे थांबायचे आणि जो साऱ्या रस्त्यानं सगळ्यांत मागं राहिला, त्याला सगळ्यांत पुढं काढायचं. गावात पहिली सायकल त्याची. "ज्यानं सगळ्यांना पुढं घातलं, त्याला गावानं आधी पाहावं," असं मामांचं म्हणणं. पहिल्या दोन वर्षी सिस्टर पुढं राहिल्या. हलगी वाजायची, बाया ओवाळायच्या. त्यांना ते आवडायचं, मी त्यांचं तोंड बघितलंय. तिसऱ्या वर्षी मात्र ऐन वेळी त्यांच्या पायात गोळा आला आणि त्यांनी मान देविदासला दिला. देविदास हार घालून ढसाढसा रडला. कुणाला काही वाटलं नाही.

यंदा मला वाटायला लागलं. सिस्टर काळा चष्मा लावायच्या, तो दिवस कलला तरी काढेनात. चहाचा गिलास टेम्पोच्या फळीवर ठेवायला गेल्या तो फळीच्या बाहेर ठेवला, चहा माझ्या पायावर सांडला. "हात ओला होता," त्या म्हणाल्या. परतीच्या वाटेला, पुसदच्या अलीकडं, शेतकऱ्यांनी डांबरी रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत घातलं होतं. सगळ्यांच्या सायकली त्याला वळसा घालून गेल्या. सिस्टर सरळ त्या सोयाबीनमध्ये शिरल्या आणि घसरून पडल्या. शेतकरी धावत आला.

"ओ बाई! डोळे हैत का बटनं?"

"बटनंच हैत बापा," सिस्टर गुडघा झटकत म्हणाल्या. "काजं करायची राहिली. हा आमचा टेलर, ह्याला बोल."

सगळे हसले, शेतकरीही हसला. सिस्टर खाली बसून त्याचं सोयाबीन गोळा करू लागल्या. मी मदतीला बसले. त्यांचे हात दाण्यांवरून असे फिरत होते, जसे अंधारात काडेपेटी शोधताना फिरतात.

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही हिंगोलीहून निघालो. दुपारी औंढ्याला जेवणं झाली. पुरुष झाडाखाली आडवे झाले. मी भांडी घासत होते, सिस्टर माझ्याजवळ येऊन दगडावर बसल्या.

"कमल, मिलिंद आलाय गावाकडं."

मिलिंद त्यांचा मुलगा. पुण्याला कंपनीत आहे. मी म्हटलं, "बरं झालं की. मान बघंल तुमचा."

"माझा मान बघायला न्हाई आला तो. मी आजून सायकल चालवते का, ते बघायला आला." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "मला काचबिंदू हाय. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं. गेलेलं वापस येत न्हाई. बाजूचं काहीच दिसत न्हाई मला, खालचं बी न्हाई. मधलं तेवढं दिसते, नळीतून पाहिल्यावाणी. इतके दिवस देविदासचा पिवळा शर्ट धरून येऊन राहिले मी."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"मिलिंदला आजून सांगितलं न्हाई. तो म्हणते, आई, दिसायला त्रास होत असंल तर पुण्याला चल. मी म्हटलं, मला काय धाड भरली? मी नागपूरला सायकलवर चालले. तो म्हणाला, मी येऊन पाहतो. तू सायकलवर गावात आलीस तर पुन्हा पुण्याचं नाव काढणार न्हाई. पोरगं वाईट न्हाई गं. पर हट्ट्यात मला डोळे झाकून सगळं सापडते. कोणाचं दार कुठं, कोणाचं कुत्रं कुठं निजते. तिथं गेले तर मी खरंच आंधळी होईन."

"मग यंदा बी देविदासभाऊला द्या मान."

"मामा ऐकत न्हाईत. गावात बोर्ड लागला म्हणतात माझ्या फोटोचा. आन् मिलिंद उभा राहणार. मागं राहिले तर तो इचारंल, आई मागं काहून?"

सिस्टरांना पुढं घालण्यात मामांचं प्रेम होतं आणि पुढं कुणी नसलं की त्यांना रस्ताच नव्हता. हे मामांना सांगणं त्यांनाही जमेना आणि मलाही. मग त्यांनीच मार्ग काढला. वसमत सोडल्यावर टेम्पो पुढं पळवायचा नाही. त्यांच्या सायकलीच्या पुढं हळू चालवायचा आणि मी मागच्या फळीवर पाय खाली सोडून बसायचं. मी लाल लुगडं नेसले होते. "पदर खाली सोड," त्या म्हणाल्या. "तेवढा मला बास."

रफिकभाईंना मीच सांगितलं. ते म्हणाले, "सिस्टरबाईला बोलो, फिकर करू नका. बैलगाडीवानी चालवतो."

वसमतच्या पुढं मामांनी जथ्था थांबवला आणि सिस्टरांना पुढं काढलं. टाळ्या झाल्या. दिवस कलला होता आणि हट्ट्याकडं जाताना सूर्य बराबर तोंडावर येतो. पण टेम्पोची सावली त्यांच्यावर पडत होती. मी फळीवर बसले होते, दोन्हीकडं हळदीचे हिरवे पट्टे मागं जात होते आणि साऱ्या जथ्थ्याचं तोंड माझ्याकडं. कधी नव्हे ते मी पदर तोंडावर घेतला नाही, तो खाली सोडलेला होता. खड्डा आला की मी त्या बाजूचा हात वर करायची, सिस्टर दुसऱ्या बाजूनं काढायच्या. मधूनच त्या म्हणायच्या, "कमल, झोपली का?" मी म्हणायची, "न्हाई सिस्टर." मागून देविदास ओरडला, "मामा, आज सिस्टर टेम्पोचा धूर खाऊन राहिल्या!" सिस्टर म्हणाल्या, "तुझ्या घामाच्या वासापेक्षा बरा हाय!"

गावात वळायच्या रस्त्याच्या तोंडाशी हलगीवाले उभे होते. सिस्टरांच्या फोटोचा बोर्ड लागला होता. तिथून विहारासमोरच्या मांडवापर्यंत सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. मामा सायकलवरून उतरून टेम्पोपुढं आले.

"रफिक, टेम्पो इकडून मागच्या गल्लीत घे. फोटोत टेम्पोच येऊन राहिला."

"राहू द्या ना मामा. हळूहळू जातो."

"अरे, सिस्टर दिसायला पायजे का तुझा टेम्पो?"

मी फळीवरून म्हणाले, "मामा, राहू द्या." मी एवढं मोठ्यानं कधी बोलले नव्हते. मामांनी माझ्याकडं प्रेमानंच बघितलं. "कमल, आधी भात टाक बाई. लोक उपाशी हैत." त्यांनी टेम्पोच्या दारावर थाप मारली आणि हलगी सुरू झाली.

टेम्पो वळला. सिस्टर एक पाय टेकून थांबल्या होत्या. टेम्पो पुढून गेला तसा सूर्य त्यांच्या चष्म्यावर आला. मागून घंट्या वाजू लागल्या. मी टेम्पोतून उडी टाकली आणि गर्दीतून वाट काढत आले, तोवर त्यांनी पायडल मारलं होतं.

त्या सरळ गेल्या. मी शपथेवर सांगेन, दोरी धरल्यासारख्या सरळ. हलगीवाले त्यांच्यापुढं मागं सरकत चालले होते आणि त्या आवाजाच्या मागं मागं त्या चालल्या होत्या. मान ताठ, हँडल घट्ट. बाया ओवाळत होत्या, कुणी फुलं टाकत होतं. मला वाटलं, जमलं. राहिल्या सिस्टर गावातच.

मांडवाच्या थोडं अलीकडं, उजव्या बाजूला, मिलिंद हार घेऊन उभा होता. इस्त्रीचा शर्ट, तोंडभर हसू. सायकल जवळ आली तसा तो एक पाऊल पुढं आला आणि त्यानं दोन्ही हातांनी हार पुढं धरला. "आई!"

सिस्टर त्याच्या हाताजवळून निघून गेल्या. हार त्यांच्या दंडाला घासला असेल. त्यांनी मानही वळवली नाही.

"मिलिंद, आई रुसली रे तुझ्यावर!" कुणी तरी म्हणालं आणि सगळे हसले. "पुण्याहून साडी न्हाई आणली वाटते!" मिलिंदही हसला. पण त्याचे हात तसेच पुढं राहिले होते.

सायकलीचं चाक मांडवाच्या कापडाला लागलं तेव्हा सिस्टर थांबल्या. उतरल्या. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मामांनी हात वर केला तशी हलगी थांबली. मिलिंद भरभर येऊन त्यांच्या खांद्याला खेटून उभा राहिला. सिस्टरांना धाप लागली होती, पण त्या इतक्या खुश होत्या. समोर बघत त्यांनी मोठ्यानं विचारलं,

"मिलिंद दिसत न्हाई कुठं? आला न्हाई का आजून?"

सगळ्यांनी ते ऐकलं. कुणी हसलं नाही. मिलिंदनं हार त्यांच्या गळ्यात घातला आणि म्हणाला, "आलो ना, आई."

सिस्टर त्या आवाजाकडं वळल्या. त्यांनी त्याचं तोंड चाचपलं. मग खाली मान घालून हाराची फुलं सारखी करत राहिल्या.

त्या संध्याकाळी जेवणं झाली. देविदास ताटावरून उठून गेला. गंगाधर मामा ओट्याच्या कडेला डोकं धरून बसले होते. सिस्टर विचारत विचारत त्यांच्यापर्यंत गेल्या.

"मामा, जेवले का न्हाई?"

"मान म्हणून पुढं घातलं सिस्टर तुमाला. मला काय माहीत..."

"दिला ना तुमी मान? मी घेतला बी. गेले का न्हाई सरळ?"

"गेल्या," मामा म्हणाले.

"मग झालं तर."

मिलिंद त्यांच्यावर ओरडला नाही, भांडला नाही. ओरडला असता तर सिस्टरांनी दोन शब्द उलटे ऐकवले असते आणि राहिल्याही असत्या. तो नुसता त्यांच्याजवळ बसून राहिला आणि त्यांनीच सांगितलं की उद्या निघू. मी सकाळी त्यांच्या कपड्यांच्या घड्या घालून दिल्या. सायकल भिंतीला लावलेली होती. जाताना त्यांनी तिच्याकडं बघितलं का नाही, ते मला कळलं नाही. त्यांचं बघणं आता आपल्याला कळत नव्हतं.

गाडीभोवती सारी गल्ली जमली होती. ज्यांना त्यांनी शेंगा दाखवून सुया टोचल्या, ती आता स्वतःची लेकरं कडेवर घेऊन उभी होती. रफिकभाईंनी सामान ठेवलं. सिस्टर पुढच्या सीटवर बसल्या, काच खाली होती. मी माणसांच्या मागं भिंतीजवळ उभी होते.

"कमल कुठंय?"

कुणी तरी मला पुढं ढकललं. मी म्हटलं, "इथंच हाय, सिस्टर."

"इथं म्हणजे कुठं? मधी ये जरा. आजून. आता थोडी खाली वाक."

मी काचेत वाकले. त्यांनी काळा चष्मा काढला. त्यांचे डोळे माझ्या कपाळावर आले, मग एका डोळ्यावर, मग दुसऱ्या. हळूहळू नाकावर, तोंडावर. एका वेळी थोडं थोडं. सारी गल्ली बघत होती. माझा हात पदराकडं गेला, तो त्यांनी धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पाहू दे मला."

मिलिंदनं गाडी चालू केली होती. त्यानं ती बंद केली.